कामकऱ्यांच्या कैवारी : फ्रान्सेस पर्किन्स

एखाद्या मोठ्या अपघाताची वार्ता ऐकून हळहळणारीं माणसें सर्व देशांत असतात. वर्तमानपत्रांत मथळे येतात, सभा भरतात, निधि जमतात, आणि महिना-दोन महिन्यांत ती हळहळ विरून जाऊन जग पूर्ववत् चालूं लागतें. ती खोटी असते असें नव्हे. परंतु तिला हातपाय नसतात. शोक आणि कायदा यांच्यामध्यें एक फार लांब व रूक्ष वाट आहे. त्या वाटेवर आंकडे गोळा करावे लागतात, मसुदे लिहावे लागतात, विरोधकांच्या दारीं खेटे घालावे लागतात, आणि पुष्कळदां अर्ध्यावर समाधान मानून उरलेल्या अर्ध्यासाठीं पुन्हा कंबर कसावी लागते. ही वाट सत्तावीस वर्षें न थकतां चालणाऱ्या एका बाईंची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. त्यांचें नांव फ्रान्सेस पर्किन्स. १९३३ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मंत्रिमंडळांत पहिली स्त्री म्हणून त्यांचा प्रवेश झाला, आणि त्यानंतर सलग बारा वर्षें त्या देशाचें मजूरखातें त्यांच्या हातीं होतें. परंतु पहिली स्त्री-मंत्री हा मान त्यांच्या चरित्रांतील गौण भाग होय. त्या खुर्चीवर बसून त्यांनीं काय साधलें, आणि तें साधतांना काय सोडून द्यावें लागलें, हा मुख्य भाग आहे.

पर्किन्सबाईंचा जन्म १० एप्रिल १८८० रोजीं बॉस्टन शहरीं झाला. वडिलांचा वूस्टर येथें कागद व लेखनसाहित्याचा व्यापार होता. घराणें जुनें, ईश्वरभीरु आणि खाऊनपिऊन सुखी. गरीब मनुष्य गरीब कां, तर तो आळशी किंवा मद्यपी असतो म्हणून, अशी त्या वर्गाची सोपी समजूत होती, आणि हीच समजूत घेऊन ही मुलगी माउंट होल्योक या स्त्रियांच्या कॉलेजांत गेली. तेथें तिचा मुख्य विषय पदार्थविज्ञान होता. परंतु शेवटच्या वर्षीं आर्थिक इतिहास शिकविणाऱ्या बाईंनीं विद्यार्थिनींना पुस्तकें मिटून जवळच्या गिरण्या व कारखाने पाहून येण्यास सांगितलें. तेथें ज्यांचे हात यंत्रांत सांपडून गेले होते, ज्यांच्या कुटुंबाला त्याबद्दल कपर्दिकहि मिळाली नव्हती, अशीं माणसें त्या तरुण मुलींनीं पाहिलीं. तीं आळशी नव्हतीं व मद्यपीहि नव्हतीं. घरीं शिकलेली समजूत त्या पाहणींत टिकली नाहीं.

१९०२ सालीं पदवी मिळाल्यावर त्यांनीं कांहीं काळ शिक्षिकेचें काम केलें. शिकागोजवळच्या एका शाळेंत असतांना सुटीच्या दिवसांत त्या जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाउस’ या सेवागृहांत जाऊं लागल्या, आणि परदेशांतून आलेल्या कंगाल कुटुंबांचीं घरें त्यांनीं आंतून पाहिलीं. पुढें फिलाडेल्फिया शहरांत, नोकरीच्या आमिषानें परदेशी व कृष्णवर्णीय मुलींना फसविणाऱ्या दलालांचा छडा लावण्याचें काम त्यांनीं पत्करलें. तेथून त्या न्यूयॉर्कला आल्या. कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. पदवी त्यांनीं १९१० सालीं मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शाळेंतील गरीब मुलांचें अपुरें पोषण. त्याच वर्षीं त्या न्यूयॉर्कच्या ‘कन्झ्यूमर्स लीग’ या संस्थेच्या चिटणीस झाल्या. माल विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकानें, तो माल कोणाच्या किती कष्टांतून निर्माण झाला हें पाहिलें पाहिजे, असें या संस्थेचें तत्त्व होतें, आणि फ्लॉरेन्स केली ही तिची तेजस्वी पुढारी होती. तळघरांतल्या बेकऱ्या, गिरण्यांतील आगीचा धोका आणि स्त्रियांचे कामाचे तास, हे तीन विषय पर्किन्सबाईंकडे आले.

आणि मग २५ मार्च १९११ चा शनिवार उजाडला.

त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं पर्किन्सबाई वॉशिंग्टन चौकांत एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बंबांच्या घंटा व आरडाओरड ऐकून सर्व मंडळी बाहेर धावली. चौकाच्या जवळच दहा मजल्यांची एक इमारत होती. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ‘ट्रायँगल’ नांवाच्या कंपनीचा कारखाना होता. तेथें स्त्रियांचीं पोलकीं शिवलीं जात, आणि तीं शिवणाऱ्या बहुतेक मुली इटलींतून व पूर्व युरोपांतून आलेल्या होत्या; त्यांत ज्यू मुलींचा भरणा मोठा. काम सुटण्याच्या सुमारास आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनीं पेट घेतला, आणि पाहतां पाहतां आग वर चढली. नवव्या मजल्यावर वेळेवर सूचना पोंचली नाहीं. तेथील एका जिन्याचें दार कुलूपबंद होतें; मुलींनीं माल चोरून नेऊं नये म्हणून तें तसें ठेवण्याची चाल होती. बाहेरच्या बाजूचा लोखंडी जिना माणसांच्या भारानें कोसळला. बंबवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपासच थांबल्या. मागें ज्वाळा व पुढें नऊ मजल्यांची खोली अशा कोंडींत सांपडलेल्या मुली खिडक्यांतून उड्या टाकूं लागल्या. बंबवाल्यांनीं धरलेलीं जाळीं त्या भारानें फाटून गेलीं. पर्किन्सबाई खालीं उभ्या राहून हें सर्व पाहत होत्या.

अर्ध्या तासाच्या आंत सर्व आटोपलें. १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया होत्या. इमारत मात्र अग्निरोधक म्हणून बांधलेली असल्यामुळें जशीच्या तशी उभी राहिली, आणि ती आजहि उभी आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सव्वा वर्षापूर्वीं न्यूयॉर्कच्या हजारों शिवणकाम करणाऱ्या मुलींनीं मोठा संप केला होता. त्या संपांत याच कारखान्यांतील मुली आघाडीला होत्या, आणि याच कारखान्याच्या मालकांनीं त्यांच्या संघास मान्यता देण्याचें नाकारलें होतें. आगीनंतर मालकांवर खटला झाला. दार कुलूपबंद होतें हें मालकांना ठाऊक होतें असें सिद्ध न झाल्यामुळें डिसेंबर १९११ मध्यें ज्यूरीनें त्यांना निर्दोष ठरविलें.

पुढें उतारवयांत पर्किन्सबाई म्हणत कीं, रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चा आरंभ १९३३ सालीं झाला असें लोक समजतात, पण तो खरोखर या आगीच्या दिवशींच झाला. हे उद्गार केवळ आलंकारिक नाहींत. पुढील घटनाक्रम पाहिला म्हणजे त्यांतील सत्य पटतें.

आगीनंतर शहरांत शोकसभा भरल्या व एक सुरक्षा-समिति निघाली. पर्किन्सबाई तिच्या चिटणीस झाल्या. समितीच्या आग्रहावरून न्यूयॉर्क राज्याच्या कायदेमंडळानें एक चौकशीमंडळ नेमलें. रॉबर्ट वॅग्नर हे त्याचे अध्यक्ष व ॲल्फ्रेड स्मिथ हे उपाध्यक्ष. दोघेहि ‘टॅमनी हॉल’ या बदनाम पक्षयंत्रणेंतून वर आलेले राजकारणी पुरुष. सुशिक्षित सुधारकांस अशा माणसांचा विटाळ वाटे. पर्किन्सबाईंना तो वाटला नाहीं. हीं माणसें दुष्ट नाहींत, त्यांनीं कांहीं पाहिलेलें नाहीं इतकेंच, असें त्यांनीं ताडलें. कॉलेजांतील बाईंनीं जो उपाय त्यांच्यावर केला होता तोच त्यांनीं या मंडळींवर केला. स्मिथसाहेबांना पहाटे नेऊन, दोरखंडाच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायांच्या रांगा दाखविल्या. एका कारखान्यांत भिंतीला असलेल्या भोंकांतून वॅग्नरसाहेबांना रांगत बाहेर जाण्यास लावलें. तेथें बर्फानें माखलेली एक शिडी जमिनीपासून पुष्कळ उंचावर संपत होती, आणि तिलाच ‘आगींतून सुटण्याचा मार्ग’ असें नांव दिलेलें होतें. फळें-भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत सूर्योदयापूर्वीं कामाला लागलेलीं चिमुरडीं पोरेंहि त्यांनीं मंडळाला दाखविलीं.

या चौकशींतून थोड्या वर्षांत तीसांहून अधिक कायदे निघाले. कामाच्या वेळीं दारांना कुलूप नसावें, दारें बाहेरच्या बाजूस उघडावीं, आगीच्या वेळीं बाहेर पडण्याची तालीम व्हावी, उंच इमारतींत पाण्याचे आपोआप उडणारे फवारे असावेत, अशीं तीं कलमें होतीं. वाचावयास तीं नीरस वाटतात. परंतु त्या प्रत्येक कलमामागें नवव्या मजल्यावरची एक खिडकी आहे. आणि ते दोन राजकारणीहि बदलले. स्मिथ पुढें राज्याचे गव्हर्नर झाले, वॅग्नर अमेरिकेच्या सिनेटांत गेले, आणि वॅग्नर यांनीं जन्मभर कामकऱ्यांचा पक्ष सोडला नाहीं.

याच काळांतील एक प्रसंग किंचित् विस्तारानें सांगण्यासारखा आहे, कारण पर्किन्सबाईंच्या सर्व आयुष्याची किल्ली त्यांत आहे. स्त्रियांचे कामाचे तास आठवड्याला ५४ पेक्षां अधिक असूं नयेत, असें बिल १९१२ सालीं कायदेमंडळापुढें होतें. विरोधकांनीं शेवटच्या घटकेस एक डाव टाकला. फळें-भाज्यांच्या डबे भरणाऱ्या कारखान्यांना या कायद्यांतून वगळावें, अशी दुरुस्ती त्यांनीं पुढें केली. या कारखान्यांतील हाल सर्वांत अधिक. तेथील बायांना वगळून कायदा करण्यास या बाई तयार होणार नाहींत, आणि मग सगळेंच बिल बारगळेल, असा त्यांचा अंदाज होता. संस्थेची आज्ञाहि तशीच होती : वगळणूक मान्य करावयाची नाहीं.

अधिवेशन संपावयास थोडाच अवधि उरला होता. विचारावें तर पुढारी जवळ नव्हत्या. एका बाजूस तत्त्व व संस्थेची आज्ञा, दुसऱ्या बाजूस शिवणकामांत, गिरण्यांत व खोक्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या लाखों स्त्रिया. पर्किन्सबाईंनीं दुरुस्ती पत्करली. टॅमनीचा एक मोठा पुढारी टिमथी सुलिव्हन हा त्यांच्या मदतीस आला. आपली बहीण लहान वयांत कामाला जात असे, ही आठवण त्याला होती. निघण्याच्या बेतांत असलेल्या बोटीवरून तो परत आला, त्यानें मत दिलें, आणि बिल मंजूर झालें. आपण आज्ञा मोडली या जाणिवेनें पर्किन्सबाई फ्लॉरेन्स केली यांना भेटावयास गेल्या, तेव्हां त्या करारी बाईंनींहि त्यांना दोष दिला नाहीं. उलट त्यांचें अभिनंदनच केलें. वगळलेल्या कारखान्यांचें प्रकरण पर्किन्सबाईंनीं सोडलें नाहीं, आणि थोड्याच काळांत त्या बायांनाहि कायद्याचें छत्र मिळालें.

सर्वनाश ओढवला असतां शहाण्यानें अर्ध्यावर पाणी सोडावें, असें आपले जुने नीतिकार सांगतात. पण हें नीतिवचन आळशी माणसाच्या फार सोयीचें आहे. अर्धें मिळालें म्हणजे उरलेल्या अर्ध्याचा विसर पडतो, आणि तडजोडीलाच तो मुत्सद्देगिरी म्हणूं लागतो. तडजोड करणाऱ्याची परीक्षा तडजोडीच्या दिवशीं होत नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं होते. उरलेल्यासाठीं तो पुन्हा कामाला लागतो कीं नाहीं, हें तेव्हां दिसतें. १९१२ च्या परीक्षेंत पर्किन्सबाई उतरल्या. पुढें याहून कठीण परीक्षा यावयाची होती.

१९१३ सालीं त्यांनीं पॉल विल्सन या अर्थशास्त्रज्ञाशीं विवाह केला, पण आपलें माहेरचें नांवच कायम ठेवलें. एक मुलगी झाली. कांहीं वर्षांतच पतीला मानसिक व्याधि जडली, आणि ती अखेरपर्यंत सुटली नाहीं. घरखर्च, मुलीचें शिक्षण, पतीची शुश्रूषा, सर्व भार पत्नीवर आला. या दुःखाचा उच्चार त्यांनीं चारचौघांत कधीं केला नाहीं. १९१९ सालीं गव्हर्नर स्मिथ यांनीं त्यांना राज्याच्या औद्योगिक मंडळावर नेमलें. त्या काळीं स्त्रियांना राज्यांत मताधिकार मिळून दोनच वर्षें झालीं होतीं. १९२९ सालीं फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर झाले, आणि त्यांनीं पर्किन्सबाईंना राज्याच्या मजूरखात्याच्या प्रमुखपदावर बसविलें. पुढच्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीं बेकारी हटत असल्याचें जाहीर केलें, तेव्हां या बाईंनीं आपल्या राज्याचे आंकडे मांडून, ती हटत नसून वाढत आहे, असें पत्रकारांसमोर निर्भीडपणें सांगितलें. गव्हर्नरांना न विचारतां त्या बोलल्या होत्या. पण रूझवेल्टनीं त्यांची पाठ थोपटली.

१९३३ च्या फेब्रुवारींत, अध्यक्षपदावर निवडून आलेल्या रूझवेल्टनीं त्यांना घरीं बोलावून मजूरमंत्रिपद देऊं केलें. देशाची स्थिति त्या वेळीं भयंकर होती. चार कामकऱ्यांमागें एक बेकार होता, आणि बँका धडाधड बंद पडत होत्या. दुसरें कोणी असतें तर आभार मानून घरीं गेलें असतें. पर्किन्सबाईंनीं आपल्या मागण्यांची यादी पुढें केली. बेकारांना सरकारी मदत, बेकारीचा विमा, वृद्धांना निवृत्तिवेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी, आणि आजारपणाचा विमा. या गोष्टी करावयाच्या नसतील तर आपण हें पद घेणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. अमेरिकेंत यांपैकीं बहुतेक गोष्टी राष्ट्रीय सरकारनें कधीं केल्या नव्हत्या. पुष्कळशा घटनाबाह्य ठरण्याचा संभव होता. रूझवेल्टनीं होकार दिला, आणि ४ मार्च १९३३ रोजीं त्यांच्या मंत्रिपदाला आरंभ झाला.

या नेमणुकीनें मजूरपुढारीहि खूष झाले नाहींत, हें नमूद केलें पाहिजे. हें पद संघांतून आलेल्या पुरुषाला मिळावें अशी त्यांची अपेक्षा होती. पर्किन्सबाईंनीं वाद घातला नाहीं. त्या साधा काळा पोषाख व तीन टोंकांची टोपी घालीत. पुरुषांना आपल्या आईची आठवण होईल अशा वेषांत स्त्री असली म्हणजे ते तिचें म्हणणें सरळपणें ऐकतात, असें त्यांनीं जुन्या अनुभवांतून टिपून ठेवलें होतें. एका पाकिटांत त्या अशीं टिपणें जमवीत, आणि त्यावर ‘पुरुषी मनाविषयीं टिपणें’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले होते.

त्यांच्या यादींतील सर्वांत मोठें काम म्हणजे सामाजिक विम्याचा कायदा. १९३४ सालीं त्यासाठीं मंत्र्यांची एक समिति नेमली गेली, आणि तिच्या अध्यक्ष पर्किन्सबाई झाल्या. प्रश्न असा होता कीं, असा विमा चालविण्याचा अधिकार राष्ट्रीय सरकारला घटनेनें दिला आहे काय? सर्वोच्च न्यायालय त्या काळीं सरकारचे कायदे रद्द करण्याच्या मनःस्थितींत होतें. एका चहापानाच्या प्रसंगीं न्यायमूर्ति स्टोन शेजारीं बसले होते. पर्किन्सबाईंनीं आपली अडचण सहज बोलून दाखविली, तेव्हां न्यायमूर्तींनीं हळूच सुचविलें कीं, कर बसविण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि तो तुम्हांला पुरेल. त्याच पायावर योजना उभी राहिली : मालक व नोकर दोघांकडूनहि पगारावर कर घ्यावयाचा, आरंभीं प्रत्येकीं शेंकडा एक, आणि त्यांतून वृद्धपणीं वेतन द्यावयाचें. नाताळच्या सुमारास समितींतील मतभेद मिटेनात, तेव्हां बाईंनीं सर्वांना आपल्या घरीं जेवणघराच्या टेबलाभोंवतीं बसविलें, टेलिफोन बंद केला, आणि रात्रीं दोन वाजतां निर्णय होईपर्यंत कोणाला उठूं दिलें नाहीं.

१४ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्षांनीं या कायद्यावर सही केली. त्या वेळचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. सर्वत्र पुरुषांची गर्दी, आणि अध्यक्षांच्या मागें उभ्या असलेल्या पर्किन्सबाई. त्याच दिवशीं न्यूयॉर्कहून निरोप आला होता कीं, आजारी पति शुश्रूषागृहांतून निघून गेला असून सांपडत नाहीं. समारंभ आटोपतांच बाई गाडी धरून न्यूयॉर्कला गेल्या व त्यांनीं पतीला शोधून काढलें. कोट्यवधि लोकांना आजारपणाच्या व म्हातारपणाच्या काळजींतून सोडवूं पाहणाऱ्या या बाईंच्या घरीं ती काळजी कायमची मुक्कामाला होती.

या कायद्यांतहि तडजोड होती, आणि ती १९१२ च्या तडजोडीहून मोठी होती. आजारपणाच्या विम्याला डॉक्टरांच्या संघानें कडाडून विरोध केला, तेव्हां सगळें बिल बुडूं नये म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर यांना वृद्धवेतनांतून व बेकारीच्या विम्यांतून वगळण्यांत आलें. दक्षिणेंतील कृष्णवर्णीयांपैकीं बहुतेक याच दोन धंद्यांत असल्यामुळें, कायद्यांत वर्णाचा उल्लेख नसतांहि त्यांच्यांतील फार मोठा भाग बाहेर राहिला, आणि त्यांत स्त्रियाच पुष्कळ होत्या. ही वगळणूक पर्किन्सबाईंनीं मागितली नव्हती. त्यांच्या समितीची मूळ शिफारस या लोकांनाहि घ्यावें अशीच होती. परंतु काँग्रेसमध्यें बिल बदललें, आणि त्यांनीं तें तसें पत्करलें. १९१२ चें न्यून लौकर भरून निघालें. या खेपेस नियमित काम करणाऱ्या शेतमजुरांना व घरनोकरांना कायद्यांत येण्यास १९५० पर्यंत वाट पाहावी लागली. पंधरा वर्षें म्हणजे एका वृद्ध मोलकरणीचें सारें उरलेलें आयुष्य होय. पर्किन्सबाईंचा गौरव करतांना हा हिशेब झांकून ठेवणें योग्य नाहीं. परंतु तें बिल त्या वर्षीं बुडालें असतें तर पुन्हा केव्हां वर आलें असतें, हेंहि विचारलें पाहिजे. दोन्ही बाजूंचें वजन खरें आहे, आणि म्हणूनच तो निर्णय कठीण होता.

किमान वेतनाची कथा निराळी आहे. उद्योगधंद्यांच्या नियमनाचा पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयानें मे १९३५ मध्यें रद्द केला. पर्किन्सबाईंनीं हें आधींच ओळखून दुसरीं बिलें तयार करवून आपल्या मेजाच्या खणांत कुलूपबंद करून ठेविलीं होतीं. योग्य वेळ येतांच त्यांतूनच एक मसुदा बाहेर निघाला. अनेक खटपटींनंतर २५ जून १९३८ रोजीं त्याचा कायदा झाला. ताशीं किमान २५ सेंट वेतन, आठवड्याचे प्रथम ४४ व पुढें क्रमानें ४० तास, आणि आंतरराज्य व्यापारासाठीं माल करणाऱ्या कारखान्यांत सोळा वर्षांखालील मुलांच्या मजुरीला बंदी. आगीच्या दिवसापासून सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं.

यशाबरोबर शत्रूहि वाढले. १९३४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें गोदीकामगारांच्या संपाला सार्वत्रिक संपाचें रूप आलें. अध्यक्ष समुद्रप्रवासांत होते, आणि मंत्रिमंडळांतील वडील मंडळी लष्कर पाठविण्याच्या विचारांत होती. पर्किन्सबाईंनीं अध्यक्षांशीं तारायंत्रानें संपर्क ठेवून तें टाळलें. संप वाटाघाटींनीं मिटला. त्या संपाचा पुढारी हॅरी ब्रिजेस हा ऑस्ट्रेलियन होता. तो कम्युनिस्ट आहे, त्याला देशाबाहेर घालवा, असा ओरडा झाला. परदेशी लोकांचें खातें त्या वेळीं मजूरमंत्र्यांकडेच होतें. पुरेसा पुरावा असल्याखेरीज आपण कोणाला हांकलणार नाहीं, असें बाईंनीं सांगितलें. जानेवारी १९३९ मध्यें त्यांच्यावर महाभियोग चालवावा असा ठराव काँग्रेसमध्यें मांडण्यांत आला. त्या न्यायसमितीपुढें उभ्या राहिल्या, सर्व प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, आणि आरोपांत तथ्य नसल्याचें समितीनें ठरविलें. परंतु त्या काळांतील निंदेची पत्रें, टवाळी व एकाकीपण हें त्यांना सोसावें लागलेंच.

१९४५ च्या जूनअखेर त्यांनीं मंत्रिपद सोडलें. पुढें त्या सरकारी नोकरभरतीच्या मंडळावर होत्या, आणि नंतर कॉर्नेल विद्यापीठांत शिकवीत. वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या पुढेंहि त्या तरुण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत आनंदानें राहत. १४ मे १९६५ रोजीं त्यांचें निधन झालें. वॉशिंग्टन येथील मजूरखात्याच्या इमारतीला १९८० पासून त्यांचें नांव आहे. आणि मेन राज्यांतील त्यांच्या कुटुंबाची जुनी वास्तु डिसेंबर २०२४ मध्यें राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

आपल्या देशाशीं या कथेचा एक लहानसा धागा आहे. पर्किन्सबाई ज्या कोलंबिया विद्यापीठांतून १९१० सालीं बाहेर पडल्या, तेथेंच तीन वर्षांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकावयास गेले. १९४२ सालीं आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखात्याचे सभासद झाले; म्हणजे १९४२ ते १९४५ या काळांत दोन मोठ्या देशांचीं मजूरखातीं एकाच विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांच्या हातीं होतीं. हिंदुस्थानांतील कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारें बिल आंबेडकरांनीं मांडलें व तें १९४६ सालीं संमत झालें. आणि त्याच्याहि पुष्कळ आधीं, नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं चळवळ करून १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मिळविली होती. त्या एका सुटीसाठीं त्यांना सहा वर्षें अर्ज, सभा व विनवण्या कराव्या लागल्या.

शेवटीं एक गोष्ट आपल्या घरापुरती. १९३५ च्या अमेरिकन कायद्याची मर्यादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं थांबली होती. भांडीं घासणारी बाई त्या उंबऱ्याच्या पलीकडे राहिली. हें ऐकून आपण हळहळतों. आपल्या राज्यांत २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा झाला, हें चांगलेंच झालें. परंतु मंडळ स्थापन झालें म्हणून सकाळीं सहा वाजतां पांच घरांचीं कामें काढावयास निघालेल्या बाईला आठवड्याची सुटी आपोआप मिळत नाहीं. लोखंड्यांनीं गिरणीमालकांकडून जी सुटी १८९० सालीं मिळविली, ती आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईंना पगार न कापतां मिळते काय, आणि ती आजारी पडली तर तिच्या दिवसांचा हिशेब आपण कसा करतों, हे प्रश्न कोणत्याहि मंत्र्याच्या मेजावरचे नाहींत. पर्किन्सबाईंच्या संस्थेचें तत्त्व हेंच होतें कीं, ज्याला कामाचा लाभ होतो त्यानें त्या कामामागचे कष्ट प्रथम आपल्या डोळ्यांनीं पाहावे. त्यासाठीं आपल्याला कारखान्यापर्यंत जावयाची गरज नाहीं. उद्यां सकाळीं दार उघडून बाई आंत येतील, तेवढें पुरे आहे.